गुरप्पाची साक्ष

चनबसप्पा युगांडातल्या जिंजा गावी कापडाच्या गिरणीत फिटर होता. बहात्तर साली तिथल्या सरकारनं हिंदी माणसांना हाकलून दिलं, तेव्हा बायको नबिर्ये आणि लहानग्या महानंदाला घेऊन तो सोलापुरात, भवानी पेठेत थोरल्या भावाकडं, गुरप्पाकडं आला. नबिर्ये जिंजाचीच; काळी, उंच, अबोल. नवऱ्याकडून ती कानडी शिकली होती. आल्यापासून जावेच्या बरोबरीनं भाकऱ्या थापत होती.

चनबसप्पा इथलाच नागरिक, त्याला कोण अडवणार? पण नबिर्येला राहायला सरकारी परवाना हवा होता. कचेरीतल्या अंमलदारानं लग्नाचा दाखला बाजूला सारला. असले कागद कुणीही करून आणतं, म्हणाला. मग खुर्चीतून उठून त्यानं नबिर्येच्या केसांना हात लावला, खरे आहेत का बघायला, आणि बोटं रुमालाला पुसली. चनबसप्पाच्या तोंडात कडू पाणी आलं. पण अंमलदार घरच्या माणसाची साक्ष मागत होता, म्हणून त्यानं ते गिळलं.

गुरप्पा लगेच तयार झाला. वाटेत पुतणीला खांद्यावर बसवलं, लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या. कचेरीत टोपी सारखी करत म्हणाला, "बायको कुठली, साहेब? सैपाकाला आणलेली बाई हाय ती. पोरगी मातर आमची हाय."

नबिर्येला मराठी कळत नव्हतं. आपल्यासाठी दीर बोलतोय असं समजून ती त्याच्याकडं बघून हसली. गुरप्पाही हसला.

चनबसप्पानं केलेल्या आरडाओरड्याचा उपयोग झाला नाही. बाईला परत पाठवा, एवढंच अंमलदारानं सांगितलं. बाहेर येताच चनबसप्पानं भावाची गचांडी धरली. गुरप्पा कचरला नाही. थोरल्या मुलीचं मैंदर्गीत ठरलंय, असली चुलती बघून पाहुणे मागं फिरतील, असं त्याचं म्हणणं.

"जाऊ दे तिला. तुला आपल्यातली बघू की," म्हणत तो पान थुंकला. शिंतोडे चनबसप्पाच्या पायावर उडाले.

घरी आल्यावर चनबसप्पानं नबिर्येला सगळं सांगितलं.

"आणि मी त्यांच्याकडं बघून हसले," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चनबसप्पा शेजारच्या सुंदरम्माला घेऊन थेट कचेरीतल्या मोठ्या साहेबाकडं गेला. साड्या विणणाऱ्या घरातली ही तेलुगू बाई. दोघं नवरा-बायको म्हणून राहतात, पोरगी दोघांची आहे, हे तिनं मोडक्यातोडक्या मराठीत ठासून सांगितलं. साहेबानं दाखला नीट वाचला आणि वर्षाचा परवाना दिला. नागरिकत्वासाठी अर्ज करा, असंही सुचवलं. शिक्का मारताना तोच अंमलदार दात काढून म्हणाला, "आता पेढे पायजेत की." चनबसप्पा त्याच्याकडं न बघता बाहेर पडला.

त्याच आठवड्यात त्यांनी सोलापूरजवळच्या कुंभारीत खोली घेतली. लग्नाची अक्षत घेऊन गुरप्पा तिथंही आला. झालं गेलं विसर, म्हणाला. लग्नाला ये, फक्त एकटाच ये. बोलता बोलता त्यानं महानंदाचा गालगुच्चा घेतला. चनबसप्पानं पोरीला मागं ओढलं आणि पुन्हा या दारात येऊ नको असं शांतपणे सांगितलं.

मैंदर्गीच्या पाहुण्यांना गुरप्पानं आपला धाकटा भाऊ आफ्रिकेतच वारल्याचं सांगितलं, हे पुढं कळलं. चनबसप्पाला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. त्याला भावाची नुसती किळस आली.