ओरेथाबाईंचे शब्द

ज्युनेल टेटमची आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "माझी लेक गोऱ्या साहेबांना काळ्या माणसांशी नीट वागायला शिकवते. आणि ते वर तिला कॉफीही पाजतात!"

अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या एका वृद्धाश्रमाने ज्युनेलला बोलावलं, तेव्हा या कामात तिची बारा वर्षं गेली होती. म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या आया बहुतेक काळ्या, ऑफिसातली माणसं बहुतेक गोरी. दोन वर्षांत अकरा आया सोडून गेल्या होत्या. संचालक हॅनी माणूस वाईट नव्हता. "आमचं कुठे चुकतंय ते सांगा," तो म्हणाला.

ज्युनेल आयांना घेऊन व्यायामाच्या खोलीत बसली. दोन दिवस कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ओरेथा बीम बोलली. वय एकसष्ट, त्यातली सव्वीस वर्षं आश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर गेलेली.

"पोरी, इथलं इथेच राहील ना?"

"या दाराबाहेर जाणार नाही, मिस ओरेथा. शब्द देते."

"मग ऐक. म्हाताऱ्या माणसाला न दुखवता कसं उचलायचं, हे मी चार गोऱ्या पोरींना शिकवलं. चौघी एकेक करून माझ्या साहेब झाल्या. चौथीने तर पहिल्याच आठवड्यात मलाच शिकवायला घेतलं, माणूस उचलायचा कसा!"

सगळ्या खो खो हसल्या. हसता हसता ओरेथाचेच डोळे भरून आले. त्यानंतर बाकीच्याही बोलायला लागल्या.

अहवाल लिहिताना ज्युनेलने एकूणएक नाव काढून टाकलं. ओरेथाचे शब्दही काढले. चार साहेब घडवणारी आया आश्रमात एकच होती. नाव नसलं तरी कुणीही ओळखलं असतं. पण ते शब्द गेले आणि अहवालात जीवच उरला नाही. नुसते आकडे. विश्वस्तांनी पानं उलटली असती आणि जेवायला उठले असते. ज्युनेलने ते शब्द परत घातले. ओरेथाला फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण ती नको म्हणाली तर? फोन राहिला.

विश्वस्तांच्या बैठकीत ते शब्द वाचले गेले तेव्हा जेवायला कुणी उठलं नाही. महिन्याभरात बढतीचे नियम बदलले. जागा रिकामी झाली की सूचना फळ्यावर लावायची, जुन्या आयांना आधी विचारायचं. ज्युनेलच्या बारा वर्षांत इतकं मोठं यश आलं नव्हतं.

ओरेथाला कुणी रागावलं नाही. फक्त ती चहाच्या खोलीत शिरली की गप्पा थांबायच्या. चौथी साहेब तिच्याशी अति गोड बोलायला लागली. हॅनीने तर तिचा फोटो माहितीपत्रकावर छापायचा घाट घातला. एप्रिलमध्ये तिने राजीनामा दिला.

ज्युनेलला ते जूनमध्ये कळलं. रविवारी चर्च सुटल्यावर ती ओरेथाच्या घरी गेली. ओरेथा ओसरीवर पालेभाजी निवडत होती. तिने बस म्हटलं नाही.

"माफी मागायला आलेय, मिस ओरेथा."

"हं."

"नियम बदलले. दोन आयांना बढती मिळाली."

"कळलं मला. बरं झालं त्यांचं."

"तुमच्यामुळे झालं."

ओरेथाने देठ मोडून टोपलीत टाकला. "गोऱ्यांनी दगा दिला असता तर मी दुपारपर्यंत विसरले असते. सवय आहे. पण तू आपल्यातली, तुझ्याकडे बघून मी तोंड उघडलं गं." ती पुढे म्हणाली, "विचारलं असतंस ना, तर मी हो म्हटलं असतं. स्वतः उभी राहून बोलले असते त्यांच्यापुढे."



"कोवाल्स्कींना आता कोण भरवतं?" ओरेथाने विचारलं. "खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खायचे नाहीत."

ज्युनेलने हे नावच कधी ऐकलं नव्हतं. "चौकशी करून कळवते," ती म्हणाली.

"बघ जमलं तर." टोपली उचलून ओरेथा आत गेली.

सोमवारी ज्युनेलने आश्रमात विचारलं. कोवाल्स्की मे महिन्यातच वारले होते. शेवटी शेवटी जेवण सोडलं होतं त्यांनी.

तिने लगेच ओरेथाला फोन लावला. ओरेथाने सगळं ऐकून घेतलं.

"सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. नंतर ज्युनेलने दोनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.