मिनिटाला साडेनऊ हजार फेरे

कारखान्यात तिला सगळे काटाबाई म्हणायचे. पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं एकच काम केलं. फिरणारी वस्तू फिरताना थरथरू नये, एवढं बघायचं. पंखा असो, चाक असो, दांडा असो; यंत्रावर चढवायचा, फिरवायचा, काटा किती हलतो ते बघायचं आणि जड बाजूचं चिमूटभर लोखंड घासून काढायचं. काटा शांत झाला की ती डबा उघडायला मोकळी. निवृत्तीच्या दिवशी मोठे साहेब म्हणाले, "या बाईंच्या हाताखालून गेलेला पंप परत आलेला मला आठवत नाही." टाळ्या झाल्या. पुढच्या सोमवारी काटाबाई दोन पेट्या घेऊन लेकीच्या घरी राहायला आली.

"आई, आता तू फक्त आराम कर," लेक म्हणाली.

आराम तिला चार दिवस सोसला. पाचव्या दिवशी तिने कपडे धुण्याच्या मशीनच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या आणि मशीन असं बसवलं की ते गरगरत असताना वर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलेना. त्यानंतर घरात हलणारं काही उरलं नाही.

लेक शाळेत गणित शिकवायची. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरलेला सगळा वेळ घरामागच्या गॅरेजमध्ये असायचा. तिथे त्याने लोखंडी नळ्या जोडून एक गाडी बांधली होती. तिला दार नाही, छत नाही, वर कागदासारखा पत्रा. सगळं मिळून वजन साडेचारशे किलो. ही गाडी रस्त्यावर न्यायची नव्हती, शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची होती. चालवायची लेक. "मी बसलो तर नव्वद किलोचा धोंडा ठेवल्यासारखं होईल," जावई म्हणायचा. "ही पन्नासची आहे. गाडीतला सगळ्यात हलका भाग हीच."

सासूशी तो अदबीने बोलायचा, म्हणजे फार बोलायचाच नाही. 'आई, चहा घेतलात का' आणि 'आई, बरं आहे ना' या दोन वाक्यांवर त्यांचं नातं सहा वर्षं सुखाने चाललं होतं.

एका रविवारी लेक आणि जावई दोघं ट्रॅकवरून दुपारीच परतली. गाडी ट्रेलरवर होती आणि तिच्या पोटातून तेल ठिबकत होतं. तिसऱ्या फेरीत, सरळ पट्ट्यावर, इंजिन फुटलं होतं. आतला एक दांडा तुटून बाजूची भिंत फोडून बाहेर आला होता. भोक एवढं, की त्यातून हाताचा पंजा आत जाईल. तेल मागच्या चाकांवर उडालं, गाडी दोनदा स्वतःभोवती फिरली आणि गवतात जाऊन थांबली. लेकीला खरचटलंही नव्हतं. "भिंगरीत बसल्यासारखं वाटलं," ती हसत म्हणाली. जावई मात्र हसला नाही. तो जेवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेत गेल्यावर काटाबाई पहिल्यांदाच गॅरेजमध्ये गेली. जावई परातीत तुकडे वेचून ठेवत होता. तिने न विचारता स्टूल ओढलं, तुकडे एकेक करून हातात घेतले आणि शेवटी एका तुटक्या बोल्टवर अंगठा फिरवला. तुटला होता त्याच्या जरा वर तो बारीक झाला होता, ओढलेल्या कणकेसारखा.

"जावईबापू, हा बोल्ट नवा होता?"

त्याने हातातला तुकडा परातीत टाकला. "नाही. आधीच्या इंजिनातलेच होते. दिसायला चांगले होते."

"दिसायला मीही चांगली होते," काटाबाई म्हणाली. "बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा होता तेवढा होत नाही. दिसत नाही, पण मोजलं की कळतं."

"माहीत होतं मला," तो हळूच म्हणाला. "नवे यायला दहा दिवस लागणार होते. मला धीर धरवला नाही." आणि मग, खाली मान घालून, "हिला सांगू नका."

ती तुकडा परातीत ठेवून म्हणाली, "दुसरं इंजिन बांधायचं असेल, तर वजनं मी बघते."

त्या दिवसापासून गॅरेजमध्ये दोन स्टुलं आली.

इंजिन लहान होतं. "लहान बादलीने हौद भरायचा तर खेपा भराभर घालाव्या लागतात," जावयाने तिला समजावलं. या इंजिनाला मिनिटाला साडेनऊ हजार फेरे घ्यायचे होते. काटाबाईचे पंप तीन हजारांच्या वर कधी गेले नव्हते. तिने वहीत हिशेब मांडला. साडेनऊ हजारांना एका ग्रॅमचा फरक चार किलोंच्या धोंड्यासारखा आपटणार होता, तोही सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा.

चार पिस्टन तिने दशांश ग्रॅमपर्यंत सारखे केले. दांड्यांची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलली. नवे बोल्ट आले, तेव्हा प्रत्येकाची लांबी कसण्याआधी आणि कसल्यानंतर मोजून लिहिली. काम रंगात आलं की ती अदब विसरायची. "अरे, धर ना नीट! लिफ्टचं दार आहे का ते?" असं एकदा ओरडली आणि मग जीभ चावली. जावई इतका हसला की त्याच्या हातातला पाना पडला. त्यानंतर 'अहो जावईबापू' फक्त पाहुण्यांसमोर राहिलं.

जोर वाढावा म्हणून त्याने इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचा भाग, जरासा तासून घेतला होता. त्यामुळे एक गोष्ट पुन्हा मोजणं भाग होतं. पिस्टन वर येतो तेव्हा धूर सोडणारी झडप नुकतीच मिटत असते. दोघांमध्ये निदान दोन मिलिमीटर जागा लागते. नाहीतर वेग वाढल्यावर झडप मागे पडते आणि पिस्टन तिला गाठतो. मोजायची रीत सोपी आहे. पिस्टनवर मऊ मातीचा गोळा दाबायचा, इंजिन हाताने फिरवायचं, मग उघडून दबलेली माती ब्लेडने कापायची आणि तिची जाडी बघायची.

"डिजिटल घ्या, आई. आकडा सरळ दिसतो," जावयाने मापक पुढे केला.

"त्याचा सेल संपला की तो मुका. माझा व्हर्नियर एकतीस वर्षं खरं बोलतोय." तिने पिशवीतून आपला जुना व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरच्या रेघा कोरलेली पोलादी मोजपट्टी, काढला, नेहमीसारखा डावा डोळा मिटला आणि वाचलं. चारही ठिकाणी दोन आणि वर दोन-तीन दशांश. जावयाने वहीत लिहून घेतलं आणि इंजिनाचं डोकं पुन्हा बसवलं.

ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा शेजारच्या घरातून एक आजोबा कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. अंग मोकळं होईपर्यंत इंजिन सहा हजारांच्या वर न्यायचं नव्हतं. सहा हजारांना काटाबाईने इंजिनावर तळहात ठेवला. गुणगुणल्यासारखं लागत होतं, बस्स. येत्या रविवारी ट्रॅकवर पूर्ण वेग घ्यायचा ठरलं.

बुधवारी ती चष्म्याचा नंबर तपासायला गेली. डॉक्टर तरुण होता. त्याने पांढऱ्या पाटीवर एक काळी रेघ दाखवली. "उजवा डोळा झाका. किती रेघा?"

"एक."

"आता डावा झाका."

काटाबाई बघत राहिली. रेघ तीच होती. पण तिच्या शेजारी, अगदी चिकटून, आणखी एक उभी होती.

"दोन," ती म्हणाली.

"मोतीबिंदू आहे. घाबरायचं कारण नाही, छोटी शस्त्रक्रिया असते," डॉक्टर म्हणाला. "आजी, ऐकताय ना?"

ती ऐकत नव्हती. व्हर्नियर वाचताना ती कायम डावाच डोळा मिटायची. एक रेघ जास्त दिसली असेल, तर एक मिलिमीटर जास्त मोजला गेला असेल.

घरी ती चालत आली, आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने. कदाचित सगळं बरोबरही असेल. हाताला तर काही लागलं नव्हतं. सांगितलं तर रविवार जाईल, आणि तिचं स्टूलही जाईल. पुन्हा पुठ्ठ्याच्या घड्या. म्हातारीला काही दिसत नाही, तिला कशाला हात लावू द्यायचा, असं कुणी बोलणार नाही, पण वागतील तसंच. फाटकाशी पोचेपर्यंत तिने दोनदा गप्प बसायचं ठरवलं. आत आली तर लेक नवीन हेल्मेट घालून खुर्चीत बसून आरशात बघत होती, हनुवटीखालचा पट्टा नीट बसतोय का ते.

काटाबाईने पिशवी खाली ठेवली. "रविवारी गाडी न्यायची नाही," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

लेकीने हेल्मेट काढलं. "एक रेघ म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे दोन पूर्णांक दोन नाही, एक पूर्णांक दोन." गणिताच्या बाईंना वेळ लागला नाही.

जावयाचा चेहरा लाल झाला. "मी म्हणालो होतो, डिजिटल घ्या."

"म्हणाला होतास."

"तुम्ही हट्ट केलात."

"केला."

"पण मोजणी बरोबरही असेल!"

"असेलही. पण आत माझी लेक बसणार आहे रे."

तो उठून गॅरेजमध्ये गेला. दार आपटलं नाही, पण लावून घेतलं. काटाबाई तिथेच बसली आणि पदराने चष्मा पुसत राहिली, तो स्वच्छ असूनही. "आई, जाऊ दे गं," लेक म्हणाली. "चुकतं माणसाचं."

"माझं नव्हतं चुकत."

अर्ध्या तासाने जावई परत आला. दारातच उभा राहिला आणि बायकोकडे बघून म्हणाला, "तुला एक सांगायचंय. मागचं इंजिन माझ्यामुळे फुटलं. मी जुने बोल्ट घातले होते. आईंनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं, पण तुला बोलल्या नाहीत. मी सांगू नका म्हणालो होतो."

लेकीने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा आईकडे.

"म्हणजे मी दोनदा फिरले ते तुझ्या घाईमुळे?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं, आई?"

"होतं."

"छान. माझ्याच बुडाखालचं इंजिन, आणि मीच शेवटी कळणारी." ती दोन दिवस दोघांशीही तुटक वागली, आणि ते बरोबरच होतं. पण त्या संध्याकाळी तिने एवढंच सांगितलं, "आता यापुढे मला न सांगता एक वॉशरसुद्धा बसणार नाही. उघडा ते."

गुरुवारी त्यांनी डोकं उतरवलं. पुन्हा मातीचे गोळे, पुन्हा ब्लेड. या वेळी मापक जावयाच्या हातात होता आणि वही लेकीच्या. एक पूर्णांक दोन. एक पूर्णांक दोन. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक दोन. सहा हजारांपर्यंत निभावलं होतं. साडेनऊ हजारांना चारही झडपा वाकल्या असत्या.

काटाबाई स्टुलावरून उठली. "मी आत जाते," म्हणाली.

"आत कुठे?" जावई वर न बघताच म्हणाला. "पिस्टनवरच्या, झडपांसाठीच्या खाचा खोल कराव्या लागतील. म्हणजे चौघांची वजनं बदलणार. ती कोण बघणार, मी? मला काट्यावर बटाटे तोलता येत नाहीत."

तिने स्टूल पुन्हा पुढे ओढलं. मग बसली. "काट्याचा आकडा मात्र दुसऱ्या कुणीतरी वाचायचा," ती म्हणाली.

"मी वाचते," लेक म्हणाली.

खाचा कापायला आठवडा गेला, वजनं जुळवायला आणखी एक. घासायचं काटाबाईने, बोटाला कळत होतं ते डोळ्याची वाट बघत नव्हतं. आकडे लेक मोठ्याने वाचायची, वर्गात वाचतात तसे. मधल्या एका मंगळवारी डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर काटाबाई घरभर फिरली आणि संध्याकाळी लेकीला म्हणाली, "तुमच्या भिंती पिवळ्या नाहीत गं, पांढऱ्या आहेत. मला वाटायचं, रंग काय हा निवडलाय!"

ट्रॅकवर गेले तेव्हा वारा होता आणि आकाश कोरडं. अकरा गाड्या होत्या, बहुतेक यांच्यापेक्षा दुप्पट जड. काटाबाई काळा चष्मा लावून कठड्याशी उभी राहिली. जावई शेजारी उभा होता. त्याने आपलं जॅकेट तिच्या खांद्यावर टाकलं.

पहिल्या दोन फेऱ्या लेकीने सांभाळून घेतल्या. तिसऱ्या फेरीत, सरळ पट्ट्यावर, आवाज चढत गेला. आता पुढचा गिअर पडेल असं वाटलं तरी चढतच राहिला, बारीक, ताणलेला, स्वच्छ. जावयाने कठडा घट्ट धरला होता. गाडी समोरून गेली, वळणावर शेपूट किंचित हलली, आणि ती निघून गेली. बारा फेऱ्या झाल्या. अकरांत चौथी.

लेक परत आली, हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. "नऊ हजार चारशे," ती धापा टाकत म्हणाली. "सगळं सुरेख. फक्त साडेआठ हजारांच्या आसपास पायाखाली बारीकशी थरथर येते. वर गेलं की जाते."

"सायलेन्सरचं ब्रॅकेट सैल असेल," जावई म्हणाला.

"ब्रॅकेट नाही," काटाबाई म्हणाली. "क्लचची चकती आपण वेगळी तोलली, एकत्र चढवून नाही तोलली."

"आई, क्लचचं असतं तर वर जाऊन वाढलं असतं."

"आधी मागचं झाकण उघड, मग बोल."

दोघं गाडीच्या मागे गेले आणि खाली वाकले. लेक पट्टे सोडून स्वतःच बाहेर आली, पाण्याची बाटली घेतली आणि कठड्यावर बसून पायमोजे काढू लागली. मागून बराच वेळ दोघांचे आवाज येत होते; एक म्हणत होता ब्रॅकेट, दुसरी म्हणत होती क्लच, आणि दोघंही एकमेकांना टॉर्च नीट धरायला सांगत होते.