झोळीतल्या तिघी

भाईदासशेठ तापीवर मासे धरायचे, त्यांच्याकडे नीट बघायचे आणि परत पाण्यात सोडायचे. त्यांचा जीव होता तो गळाच्या तीन काठ्यांवर. टोकाला तुऱ्यासारख्या नाजूक. आधीच्या ड्रायव्हरनं पिकअपचा फाळका लावताना एकीचं टोक मोडलं, म्हणून तर गाडीची चावी हिलालकडे आली होती.

आज त्याला पहिल्यांदाच पर्वत पाटियाच्या कापडदुकानातून त्या कामरेजला नदीवर न्यायच्या होत्या. एक जरी मोडली तरी चावी तिसऱ्याकडे.

आडव्या ठेवल्या तर ताग्यांखाली चेंगरणार, उभ्या ठेवल्या तर ताडपत्रीला भिडणार.

"आपला तान्हा ललित गावथून कसा ऊना?" सरलाबाईनं, हिलालच्या बायकोनं, विचारलं. "झोळीमा. तुटना का?"

हिलालनं काठ्यांचे जोड सोडले, तिचं जुनं लुगडं ताडपत्रीच्या कमानींना बांधलं आणि तिघींना आत निजवलं. गाडी हलली की झोळी हले. काठ्या कशालाही लागत नव्हत्या.

नाक्यावर खानदेशच्या बाया गाठोडी घेऊन उभ्या. कामरेजला साखरपुडा होता. गावाकडच्या बोलीत हाक आली की हिलालचा पाय आपोआप ब्रेकवर जाई.

"कोनं पोर से रे भाऊ?" मागं चढताच झोळी बघून त्यांतल्या म्हाताऱ्या शोभाबाईनं विचारलं.

काठ्या आहेत म्हटलं, तर गाठोडी तिथंच टांगली जाणार.

"शेठनं पोर," हिलाल म्हणाला. "निजेल से."

मग सगळ्या कुजबुजू लागल्या. खड्डा आला की "हळू चालाव ना, मेल्या!" शोभाबाई झोका देत गुणगुणत होती. थोड्या वेळानं तिनं लुगड्याची कड उचलून आत पाहिलं. हिलालनं मागच्या जाळीतून ते पाहिलं आणि गाडी आणखी हळू केली.

शोभाबाईनं कड नीट झाकली.

"जराखं वाळेल से," ती बाकीच्यांना म्हणाली. "बापवर गयं से."

उतरण्याआधी तिनं काजळाची डबी काढून झोळीत हात घातला.

नदीवर शेठनी तिन्ही काठ्या जोडल्या, वाकवल्या, टोकं डोळ्यांजवळ धरून पाहिली. सगळ्या धड. एकीच्या मुठीवर काळा ठिपका.

"हे काय?"

"तीट, शेठ. दृष्ट लागू नये म्हणून."

शेठनी दुसऱ्या दोन मुठी उलटसुलट करून पाहिल्या.

"आणि बाकीच्या दोघींना?" ते म्हणाले. "उद्या येताना लावून आण."