वाऱ्याविरुद्धची बाजू

पाच-चार. दाक्षायणी पुढे.

बाजू बदलायची. आषाढातला कोरडा वारा, मुरमाचं टेनिस कोर्ट, दातांत धूळ. जाळीच्या एका खांबाशी तिचे वडील, नवी पेठेतले कापडवाले चन्नप्पा, खुर्ची टाकून बसलेले. दुसऱ्या खांबाशी पाण्याचा माठ. दोघं खेळणारे माठाकडून जातात. तिथलं बोलणं वारा उडवून नेतो. शिवशरणला तिच्याशी बोलायला एवढीच जागा.

तिचा भाऊ वीरभद्रप्पा पुण्याला शिकायला गेला, जाताना मित्राला, शिवशरणला, म्हणाला, "दाक्षीचा खेळ मोडू देऊ नकोस." तेव्हापासून शाळा सुटली की मास्तर इथं.

आज शेवटचं. संध्याकाळच्या गाडीनं हुबळीची माणसं उतरणार. उद्या तिचा साखरपुडा.

"हुबळीचं स्थळ तुला मनापासून पसंत आहे?"

ती पाणी प्यायली. "आत्ता विचारता की हो."

"आहे?"

"पुढच्या बदलीला सांगते."

पुढची बदली दोन गेमनंतर. हा गेम तो हरला तर सेट संपला. उत्तरही संपलं.

आणि वारा त्याच्या तोंडावर.

चेंडू उंच फेकायचा नाही, वारा पळवतो. हाताएवढाच. पावलं बारीक. रेघेचा लोभ नाही, कोर्टाच्या मधोमध मारायचं, वाऱ्याला चुकायला जागा ठेवायची. हे सगळं दोघांनी मिळूनच शोधलं होतं. कुठलं कुणाचं, आता सांगता येणार नाही.

पाच-पाच.

"बेगा मुगिस, अव्वा!" चन्नप्पा ओरडले. "लवकर आटप! मास्तरांना कसली दया दाखवतेस?"

"दया न्हाय, अप्पा. मास्तर आज पिसाळलेत!"

ती हसली. तिचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, तरी वारा त्याचं टोक ओढत होता. शिवशरणनं तिकडे बघितलं आणि एक चेंडू गेला. बाकीचे नाही जाऊ दिले.

सहा-पाच. तो पुढे.

बाजू बदलायची. माठ. ती आली, तोही आला. तिचे ओठ हलले

आणि चन्नप्पा. फुलपात्र हातात. "घसा वाळला. काय हा वारा!" ते दोघांच्या मधे उभे राहून सावकाश पाणी प्यायले. "आता हा एकच गेम. जिंका, हरा, टांगा जोडलाय. पाहुण्यांना स्टेशनात ताटकळत ठेवायचं का?"

"मास्तर जिंकले तर सेट त्यांचा," ती म्हणाली. वडिलांना. बघत होती माठाकडे. "मी जिंकले तर?"

"तर सहा-सहा. अर्धवट."

"अर्धवट चालेल मला, अप्पा."

वारा आता शिवशरणच्या पाठीशी. सर्व्हिस त्याची. मुद्दाम चेंडू बाहेर घालवावा का?

नाही. मग ते उत्तर तिचं राहणार नाही.

त्यानं जीव तोडून मारलं. चेंडू वाऱ्यावर बसून सुटले. ती मागे सरली नाही. प्रत्येक चेंडू पुढे येऊन घेतला, टप्पा वर यायच्या आत, रॅकेट छोटी फिरवून, खाली, जाळीला घासून. तिच्या डोळ्यांत धूळ जात होती. पुसायला ती थांबली नाही.

एकदा तो जिंकायच्या एका गुणावर आला. तिनं गेम परत ओढला. पुन्हा आला. पुन्हा ओढला. एवढं चांगलं ती कधीच खेळली नव्हती, आणि हे बघायला वीरभद्रप्पा पुण्यात.

शेवटचा चेंडू त्याच्या पायाशी पडला. परतवता आला असता, असं त्याला वाटलं नाही.

सहा-सहा.

"झालं?" चन्नप्पा उठले. "चला."

गेमांची बेरीज सम असली की बाजू बदलत नाहीत. माठाकडे जायला कारण नव्हतं. ती आपल्या टोकाला, तो आपल्या. मधे जाळी फुगून त्याच्यापासून लांब ताणलेली.

तिनं रॅकेट काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि वाऱ्यात तोंड घालून टांग्याकडे चालू लागली. शिवशरण सर्व्हिसच्या जागेवर उभा राहिला. पुढची सर्व्हिस तिची होती.