पडद्यावरची बाई

१९८६ सालच्या दुष्काळात उमरग्याजवळच्या त्या गावात विजेचा भरवसा फक्त दूध सोसायटीच्या खोलीत होता, म्हणून गोपाळकृष्ण सरांनी आपले यंत्र तिथेच मांडले. तंत्रनिकेतनात बावीस वर्षे यंत्ररेखन शिकवलेल्या सरांना विद्यापीठाने एका संशोधनासाठी मागून घेतले होते. संगणकाच्या पडद्यावर बाईचे चित्र दिसे. जिथे दुखते तिथे बोट टेकवायचे, की यंत्र दुखणे ओळखून कागदावर छापून देई. वाचता येण्याची गरज नव्हती. दहापैकी आठ नोंदी नर्सने लिहिलेल्या दुखण्यांशी जुळल्या तर काम पुढे चालणार होते. नाहीतर शनिवारी विद्यापीठाची जीप यंत्र घेऊन जाणार होती, आणि त्याच्यासोबत सरांची तीन वर्षेही.

बुधवारी सकाळी दूध घालून झाल्यावर सतरा बाया रांगेने बसल्या. आरोग्य केंद्रातल्या नर्स प्रमोदिनी यांनी प्रत्येकीचे दुखणे आधी वहीत लिहून घेतले, मग एकेकीने पडद्याला बोट लावले. यंत्राने सतराही जणींच्या नावापुढे छापले : तक्रार नाही.

“अभिनंदन, सर,” प्रमोदिनी म्हणाल्या. “एका सकाळीत गाव बरं केलंत. मी आता बदलीचा अर्ज करते.”

सरांनी काच पुसली, तारा तपासल्या, पडद्यावरचे प्रत्येक अंतर पट्टीने मोजले. कुठेही चूक नव्हती. गुरुवारी पुन्हा गाव ठणठणीत निघाले.

तेव्हा सर प्रथमच यंत्राकडे पाहायचे सोडून बोटांकडे पाहू लागले. गुडघेदुखीने बेजार झालेल्या सरुबाईंचे बोट पडद्यावरच्या गुडघ्यापर्यंत नीट आले, थबकले आणि दोन बोटे बाजूला सरकून चित्राबाहेरच्या काळ्या जागेवर टेकले.

“सरुबाई, गुडघ्यावर ठेवा.”

“ठिवलं की.”

“बाजूला ठेवलंत.”

“मग तिच्या अंगावर ठिवू व्हय? दुखणं माजं. त्या लेकीला कशाला लावू? कुंकू लावून, बांगड्या भरून चांगली हुबी हाय बिचारी.”

मागच्या बायांनी माना डोलावल्या.

“ते चित्र आहे, सरुबाई.”

“चित्र हाय म्हणून तर तिला नको म्हणता यीना. आपलं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर दावू नये, सर. तुमच्या आईनं सांगितलं न्हाय?”

आईने सांगितले होते, अनेकदा. पण ते कुंकू आणि त्या बांगड्या सरांनी स्वतः आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून चार संध्याकाळी काढल्या होत्या, पडद्यावरची बाई गावच्या बायांना आपली वाटावी म्हणून. ती आपली वाटली होती. एवढ्या यशासाठी मात्र अहवालात रकाना नव्हता.

“मग कुणाच्या अंगावर दाखवाल?”

सरुबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. “तुमचंच चित्र काडा की. तुमी शिकलेलं. तुमचा इस्वासच न्हाय, तर तुमाला कसं लागंल?”

“चष्मा विसरू नका, सर,” प्रमोदिनी वहीत डोके घालून म्हणाल्या.

शुक्रवारी पडद्यावर चष्मा लावलेले, खिशाला पेन अडकवलेले सर उभे राहिले. बायांनी त्यांना मनसोक्त टोचले. चन्नम्माने तर पोटावर दोनदा बोट दाबले, एकदा स्वतःसाठी आणि एकदा खात्रीसाठी. सतरापैकी सोळा नोंदी जुळल्या. सतरावीला सरांची दया आली होती.

शनिवारी जीप आली. नोंदी तपासायला आलेल्या विद्यापीठाच्या समितीच्या अध्यक्षांनी त्या वाचल्या, मान डोलावली आणि काम पुढे चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली. मग कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, “या रस्त्याने माझी कंबर पार गेली, गोपाळकृष्ण. दाखवा बरं तुमच्या यंत्राला.”

सर पडद्यापुढे आले. समोर तेच, चष्मा लावून, उभे. बोट कमरेपर्यंत नीट गेले, थबकले, आणि दोन बोटे बाजूला सरकून टेकले.

यंत्राने खडखडत छापले : तक्रार नाही.

अध्यक्ष कागदाकडे पाहत राहिले. दाराशी रिकामी चरवी घेऊन उभ्या असलेल्या सरुबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, “सांगितलं हुतं बरं का, आईनं.”