बाहेरचा चेलो

थोरलीच्या मनात एकदा संशय शिरला की तो उभ्याउभ्या परत जात नसे, मुक्कामच ठोकायचा.

सकाळी ती बागेतल्या मांडवात वाद्यवृंदाच्या त्या दिवशीच्या कार्यक्रमाची तालीम बघायला गेली, तर धाकटीच्या गुडघ्यांत काळाकुळकुळीत, नवाकोरा चेलो, ते उभं धरायचं थोराड व्हायोलिन! वडिलांचा तर मधाच्या रंगाचा होता, त्यांच्या गुडघ्यांनी कडा फिक्या पडलेला. वडील गेले तेव्हा थोरलीने घरातलं दुसरं काही मागितलं नव्हतं. ‘वाजवते तिच्याकडे राहू दे, पण विकून घराबाहेर घालवू नका,’ एवढंच म्हणाली होती.

“हा कुठला गं?”

“बाहेरचा. उघड्यावर हाच बरा,” धाकटी म्हणाली, तोवर कंडक्टरने काठी उचलली.

बाहेरचा म्हणे! पाणी कुठंतरी मुरत होतं. परवाच धाकटीने नवं स्वयंपाकघर करून घेतलं, ते कशाच्या जोरावर?

दुपारी थोरली सरळ धाकटीच्या घरी गेली. झाडांना पाणी घालायला दिलेली किल्ली तिच्याकडे असायचीच. बैठकीत पडदे ओढलेले, कोपऱ्यात पेटी आणि पेटीत चेलो, जिथल्या तिथे. तिचा जीव भांड्यात पडला. पण खोड जाईल तर ना! विकला नाही, मग वाजवत का नाही? एवढ्या लोकांपुढे बापाचं जुनं लाकूड न्यायची लाज वाटते की काय? बघतेच आता, म्हणत तिने पेटी गाडीत घातली.

बागेपाशी सावली लोकांनी आधीच बळकावली होती. तिने गाडी भर उन्हात लावली, चोरांचा भरवसा नाही म्हणून काचा घट्ट बंद केल्या आणि पुढची खुर्ची धरली. धाकटीचं वादन मध्यंतरानंतर होतं. मंचावर व्हायोलिनवाले घाम पुसत होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून स्वरांच्या कागदांना कपड्यांचे चिमटे लावले होते. थोरलीचं लक्ष कशातच नव्हतं. बहिणीला काय काय सुनवायचं, ते ती मनात जुळवत होती.

मध्यंतरात ती धाकटीला हाताला धरून गाडीपाशी घेऊन आली. “आज हाच वाजवायचा. बाबांचा.”

धाकटीने पेटीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग झाकण उघडलं. चेलोची पुढची फळी कडेने उकलली होती, मान पुढे कलली होती, तारा ढिल्या लोंबत होत्या.

थोरलीने सुटलेली फळी बोटांनी दाबून बसवू पाहिली. “काय केलं गं मी हे!”

“सरस वितळलाय.” धाकटीचा आवाज चढला नाही. “लाकूड फुटण्याआधी सांधा सुटावा, म्हणूनच तसला सरस लावतात. होईल नीट. म्हणून तर मी याला उन्हात आणत नाही. तो काळा कार्बनचा, त्याला ऊन बाधत नाही.”

“मग सकाळीच सांगायचंस ना!”

“तू विचारलंस कुठे?” मंचावरून कुणीतरी तिला हाक मारली. तिने झाकण हलकेच लावलं. “ताई, तू घरी गेलीस ती हा आणायला, की आहे का ते बघायला?”

थोरलीने तोंड उघडलं. बहिणीशी ती जन्मभर भांडली होती, पण तिच्याशी खोटं कधी बोलली नव्हती. तिने तोंड पुन्हा मिटलं.

“बरं,” धाकटी म्हणाली आणि वाजवायला निघून गेली.