सेल्फीतली बाई

सांगवीच्या शिवारात उसाच्या दोन फडांमध्ये एक पत्र्याची शेड आहे. त्या गुरुवारी तिच्यासमोर इतकी माणसं जमली होती की ट्रॅक्टरलाही वाट उरली नव्हती. आत जाणारा माणूस बोलत जायचा आणि बाहेर येणारा गप्प असायचा. एक धिप्पाड गडी बाहेर आला, बांधावर टेकला आणि हातातल्या मोबाईलकडं बघत राहिला. बायकोनं विचारलं, "काय दिसलं?" त्यानं मोबाईल पालथा करून मांडीखाली दाबला.

आत छबीनाथ महाराज बसले होते. अंधाऱ्या शेडमध्येही डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात कवड्यांची माळ आणि माळेत ओवलेलं जुन्या कॅमेऱ्याचं भिंग.

"आम्ही मंत्र मारत नाही, फुंकर घालत नाही," महाराज सांगत होते. "मोबाईल तुमचा, हात तुमचा, तोंडही तुमचंच. सेल्फी काढा. पाठीमागं जे उभं असेल ते दिसेल. नसेल तर प्रसाद घ्या आणि घरी जा."

भिंतीला काळा पडदा लावलेला होता. त्याच्याकडं पाठ करून उभं राहायचं आणि सेल्फी काढायची. फोटोत खांद्यामागं एक बाई दिसायची. जांभळट धुक्याची, केस मोकळे, एक हात वर. माणूस दचकून वळायचा, तर मागं नुसता पडदा. महाराज ज्याच्यावरून नारळ उतरवायचे, त्याच्या पुढच्या सेल्फीतून ती नाहीशी व्हायची. ज्याच्यावरून नारळ उतरवायचे नाहीत, त्याला पुन्हा यावं लागायचं.

मी प्रमोदिनी. भवानीनगरला शाळेत विज्ञान शिकवते. मला हे कळलं ते आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमुळं. बारामती-इंदापूर भागातले आम्ही काही हौशी लोक रविवारी बारामतीत जमतो. एकमेकांचे फोटो बघतो, चुका काढतो, कॅमेरा आणि एडिटिंग शिकतो. बाकी दिवस मोबाईलवरच्या ग्रुपवर फोटो टाकणं चालू असतं. सांगवीचा रणजित आमच्यातला सगळ्यात तयार नजरेचा. घरचा ऊस बघून उरलेल्या वेळात तो पाखरांचे आणि उसाच्या तुऱ्यांचे फोटो काढतो. एकदा कुणीतरी झाडामागचा झकास चंद्र टाकला होता. सगळ्यांनी वाहवा केली. रणजितनं एवढंच लिहिलं, "चंद्र डावीकडं, अन् झाडाची सावली बी डावीकडंच?" चंद्र चिकटवलेला निघाला.

त्याच रणजितनं शुक्रवारी सकाळी ग्रुपवर एक फोटो टाकला. त्यात त्याची बायको स्वरूपा होती. तिच्या खांद्यामागं ती बाई. खाली ओळ होती: "हा एडिट केलेला न्हाय. माझ्याच मोबाईलवर, माझ्यासमोर काढलाय. कुणाला काय कळत असंल तर सांगा."

एरवी दर फोटोखाली गप्पा रंगतात. त्या दिवशी दुपारपर्यंत कुणीच काही लिहिलं नाही. मी फोटो मोठा करून बघितला आणि मोबाईल टेबलावर ठेवून दिला. चेहरा नव्हता तिला. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड होता.

मी रणजितला फोन केला.

"मॅडम, स्वरूपाला फिट येत्यात, तुमाला ठावं हाय," तो म्हणाला. "डॉक्टरच्या गोळ्यांनी बरं चाललं हुतं. पण दिवाळीत एकदा गोळी चुकली अन् ती चुलीपाशी पडली. तवापासनं आईनं धसका घेतलाय. ती घेऊन गेली महाराजांकडं."

"मग महाराज काय म्हणाले?"

"म्हनले, गोळ्या स्वरूपाला लागत न्हाईत, त्या बाईला लागत्यात. गोळ्या खाऊन ती बाई पोसती. अवसंला दिवस मावळताना स्वरूपाला कालव्यात गळ्याएवढ्या पाण्यात उभं करायचं. बाई पाण्याबरोबर वाहून जाईल."

"आणि गोळ्या?"

"आईनं कालव्यात टाकल्या."

अमावस्या सोमवारी होती. फिट येणारी बाई, गोळ्या एकदम बंद केलेल्या आणि वाहतं पाणी. तिचा जीव जायला आणखी काही करायची गरजच नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी सांगवीला गेले. पडद्यापुढं उभी राहिले आणि मोबाईल वर धरला. मी विज्ञान शिकवते, भुतंखेतं मानत नाही, हे सगळं मला त्या क्षणी पाठ होतं. तरी स्क्रीनवर माझ्या मानेशी तिचा हात दिसला तेव्हा मानेवर खरोखर गार लागल्यासारखं वाटलं. मी वळले. काळं कापड. पुन्हा स्क्रीनकडं बघितलं. ती होतीच.

"घाबरू नका, बाई," महाराज म्हणाले. "शिकलेल्यांच्या मागं जरा जास्तच जोरात लागते."

लोक हसले नाहीत. मी फोटो काढला आणि बाहेर आले.

बाहेर रणजित उभा होता. मी त्याला विचारलं, "तुझा मोठा कॅमेरा आणला होतास का कधी?"

"महाराज मोठा कॅमेरा आत नेऊ देत न्हाईत. म्हनत्यात, त्याची काच विलायती हाय, तिला आपली माणसं वळखू येत न्हाईत. मी दारातनं एक फोटो मारला हुता. त्यात बाई न्हाय. मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात बी लई पुसट येती."

हे मात्र माझ्या डोक्यात अडकलं. साध्या सेल्फी कॅमेऱ्याला दिसते आणि महागाच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, अशी ही कसली बाई?

घरी आल्यावर मी माझाच फोटो कॉम्प्युटरवर उघडला. रविवारच्या वर्गात आम्ही नेहमी शिकवतो की फोटोतला एखादा भाग फार उजळ झाला असेल तर त्याचा उजेड खाली ओढून बघावा, आत काहीतरी सापडतं. मी त्या बाईचा उजेड हळूहळू खाली ओढला. धुकं विरत गेलं आणि त्यातून ठिपके वर आले. गोल, एकसारखे, ओळीनं लावलेले. केसांच्या जागी वळणदार ओळी, हाताच्या जागी सरळ ओळ. कुणीतरी रांगोळीचे ठिपके काढावेत तसे.

भूत असं मोजूनमापून ठिपक्यांचं बनलेलं नसतं. ते दिवे होते. पण मला उघड्या डोळ्यांना दिवे का दिसले नाहीत?

टीव्हीचा रिमोट समोरच पडला होता. त्याच्या टोकाला एक बारका दिवा असतो. त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, टीव्हीला मात्र कळतो. मी सेल्फी कॅमेरा चालू केला, रिमोट त्याच्यासमोर धरला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर रिमोटचं टोक जांभळट पांढरं पेटलं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर काहीच नाही. रंग तोच होता, त्या बाईचा.

मी मोहितला फोन लावून ठिपक्यांचं आणि रिमोटचं सांगितलं. मोहित आमच्या ग्रुपमधला, वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात आयुष्य गेलेलं. तो म्हणाला, "अंधारात बघणाऱ्या सीसीटीव्हीला असेच दिवे असतात. चांगल्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते, सेल्फी कॅमेऱ्यात ती कच्ची असते. आणि पातळ काळ्या कापडातून हा प्रकाश आरपार येतो. पडद्यामागं बाईच्या आकारात दिवे लावलेत, बटण कुणाच्या तरी हाताशी आहे."

मी लगेच रणजितला सगळं सांगितलं.

"तुमचं शास्त्र खरं असंल, मॅडम," तो म्हणाला. "पण आई ऐकंना. अन् खरं सांगू का, मला बी भ्या वाटतंय. अवसंला पाण्यात न्हाय नेलं अन् तिला काय झालं तर? तुमचं चुकलं तर माझी बायको जाईल."

"आणि महाराजांचं चुकलं तर?"

त्यानं फोन ठेवला.

रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन आले. रणजितच्या आईनं, भागूबाईंनी, दार उघडलं नाही. खिडकीतून म्हणाल्या, "बाई, तुमी पोरं शिकवा. हितं जिवाचा सवाल हाय."

सोमवारी मी आणि मोहित दुपारीच शेडवर गेलो. गर्दी शनिवारच्या दुप्पट. स्वरूपा मधोमध पाटावर बसली होती. कपाळभर हळदीकुंकू, ओठ कोरडे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. भागूबाई तिचा दंड धरून बसल्या होत्या. धाक घालायला धरावा तसा तो हात नव्हता. आपलं माणूस कुणी ओढून नेईल म्हणून धरावा, तसा होता.

"पाण्याकडं निघण्याआधी शेवटचं दर्शन," महाराज म्हणाले. "पोरीला पडद्यापुढं उभं करा."

मी पुढं झाले. म्हणाले, "महाराज, आज पडद्यापुढं कुणीच उभं राहणार नाही. सगळ्यांनी आहे तिथूनच पडद्याकडं पाठ करा आणि सेल्फी कॅमेऱ्यात खांद्यावरून मोकळा पडदा बघा."

"हे दर्शन देहाशिवाय होत नाही," महाराज घाईनं म्हणाले. पण तोवर वीस-पंचवीस मोबाईल वर झाले होते. प्रत्येक स्क्रीनवर मोकळा पडदा होता आणि त्याच्यापुढं कुणीही नसताना ती बाई उभी होती.

माझ्या शेजारची म्हातारी देवाचं नाव घ्यायला लागली.

"ती तुमच्यापैकी कुणाच्याच मागं लागलेली नाही," मी म्हणाले. "ती पडद्याच्या मागं आहे." मी पिशवीतून रिमोट काढून भागूबाईंच्या हातात दिला. "मावशी, हे बटण दाबा. अन् रणजितच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघा."

त्यांनी दाबलं. रणजितच्या स्क्रीनवर रिमोटचं टोक पेटलं. भागूबाईंनी रिमोट उलटा करून बघितला, पुन्हा दाबलं.

"ह्यो तर तिच्यासारखाच उजेड हाय," त्या पुटपुटल्या.

मोहित एव्हाना शेडच्या मागं गेला होता. तिथून त्याचा आवाज आला, "वायर काढतोय." बाई सगळ्या मोबाईलमधून एकदम गेली. "लावतोय." बाई आली.

"माया आहे ही," महाराज उठून ओरडले. "तिला चिडवू नका. पोरीच्या जिवावर बेतेल."

लोक पुन्हा मागं सरले. तेवढ्यात स्वरूपा उठली.

"माझ्या पाठीमागं उभी हाय म्हनत्यात नव्हं?" ती म्हणाली. "तर मलाच बघू द्या."

तिनं दोन्ही हातांनी पडदा धरला आणि खाली ओढला. मागं प्लायवूडची फळी होती. फळीवर बाईच्या आकारात बारके दिवे ठोकलेले, त्यांच्यातून निघालेल्या वायरी महाराजांच्या आसनाखाली गेलेल्या. तिथलं बटण स्वरूपाच्या दर्शनासाठी आधीच दाबून ठेवलेलं होतं.

कुणीतरी शिवी दिली. आणि त्याच क्षणी स्वरूपाच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि ती पडद्यावरच कोसळली. हातपाय झटके द्यायला लागले.

सगळी शेड दाराकडं धावली. "न्हाय सोडलं तिनं, बदला घेती," कुणीतरी किंचाळलं. मी खोटं बोलणार नाही. क्षणभर माझीही नजर त्या फळीकडं गेली.

भागूबाईंनी चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली होती.

"मावशी, चप्पल नको. तोंडात काही घालू नका, हात दाबून धरू नका. रणजित, तिला कुशीवर कर. डोक्याखाली काहीतरी मऊ दे."

रणजितनं पडद्याचीच घडी करून तिच्या डोक्याखाली दिली आणि तिला कुशीवर वळवलं. मोहितनं अँब्युलन्सला फोन लावला. आम्ही नुसते बसून राहिलो. तेवढा वेळ माझ्या आयुष्यात कधी इतका लांबला नव्हता. मग झटके कमी झाले, श्वास संथ झाला आणि तिनं डोळे उघडले. तिला काही आठवत नव्हतं.

"गोळ्या एकदम बंद केल्या की असं होतं," मी दारातल्या लोकांना सांगितलं. "बाईनं केलं नाही हे. आणि हीच फिट संध्याकाळी गळ्याएवढ्या पाण्यात आली असती तर?"

त्यातलेच काही जण मग शेडच्या मागं धावले. छबीनाथ महाराज पिशवी घेऊन उसातून निघाले होते. त्यांना पोलिसांच्या हवाली केलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्वरूपाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. ती झोपली तेव्हा भागूबाई माझ्याजवळ आल्या.

"बाई, मी तिचं वाईट चिंतलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी तिला वाचवतीया."

"ठाऊक आहे, मावशी."

"मग मला कुणी आधी का न्हाय सांगितलं?"

मी सांगायला गेले होते, दार उघडलं नव्हतं, हे त्यांनाही आठवत असणार. मी ते बोलून दाखवलं नाही. त्या पदरानं डोळे पुसत स्वरूपाच्या उशाशी जाऊन बसल्या.

त्यानंतर रणजितनं सांगवीत, देवळासमोर, भरदिवसा तशीच एक फळी बनवून उभी केली. आमचा सगळा ग्रुप गेला होता. बायका, म्हातारे, पोरं, ज्याला हवं त्यानं सेल्फी काढली, वायर स्वतः काढली, स्वतः लावली. स्वरूपा फळीशेजारी उभी राहून सगळ्यांना समजावून सांगत होती आणि रणजित तिचे फोटो काढत होता.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. भीती मलाही वाटली, रणजितलाही वाटली, आणि ती खरी होती. घाबरलेल्या माणसाला मूर्ख म्हणू नका. पण जो तुम्हाला घाबरवतो आणि मागं वळून बघू देत नाही, त्याला प्रश्न विचारा. हा कॅमेरा का चालत नाही? पडदा कशाला? मागं काय आहे? आणि तो डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगत असेल, तर प्रश्नही विचारत बसू नका. आपलं माणूस उचला आणि आधी दवाखान्यात न्या.